खर्जाची रांग

"थांब रे जरा."

टाइम ऑफिसच्या खिडकीतून आवाज आला, तसा भिमाजीचा टोकन टाकणारा हात जागीच थबकला. मागे पाळी सुटलेल्या पन्नास-साठ माणसांची रांग होती, प्रत्येकाला घरची घाई होती. खिडकीत टाइमकीपर रहामिम कोर्लेकर चष्मा कपाळावर चढवून भिमाजीकडे बघत होते.

"काय झालं सायेब? मी टायमावर आल्तो की."

"ते माहीत आहे. आत्ता काय गुणगुणत होतास?"

"कुटं काय. काय न्हाई."

"गुणगुणत होतास. परत म्हण."

भिमाजीने भिंतीवरच्या पाटीकडे चोरून पाहिलं. कारखान्यात बिडी ओढू नये, थुंकू नये, भांडू नये असं तिच्यावर लिहिलं होतं. गाऊ नये असं काही नव्हतं, पण लिहिलं नाही म्हणजे चालतं असं थोडंच असतं? कारखाना नवा होता, साहेब नवे होते. दोन वर्षांपूर्वी इथे माळ होता आणि भिमाजी त्या माळावर शेळ्या चारत होता. आता तो बॉयलरवर कोळसा ओढत होता. तरी त्याने बापाचं मोटेवरचं गाणं दबक्या आवाजात दोन ओळी म्हणून दाखवलं. मागची रांग हसायला लागली.

रहामिम मास्तर हसले नाहीत. डोळे मिटून त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "दुसऱ्या ओळीत वर जातोस तेव्हा मान ताणू नकोस. सूर पक्का आहे तुझा. रविवारी तीन वाजता कॅन्टीनमध्ये ये."

"रविवारी सुट्टी असती. काय काम हाय?"

"गायचंय," मास्तर म्हणाले आणि रांगेतल्या पुढच्या माणसाचं टोकन घ्यायला त्यांनी हात पुढे केला.

ही छप्पन्न सालातली गोष्ट. पिंपरीच्या माळावर सरकारने औषधांचा कारखाना उभा केला होता आणि त्याच्या आसपास भराभर चाळी, क्वार्टर आणि चहाच्या टपऱ्या उगवत होत्या. मराठवाड्यातून, कोकणातून, नगर-सोलापूरकडून माणसं येत होती. रहामिम मास्तर खडकीच्या सरकारी कारखान्यातली कारकुनी सोडून इथे आले, तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. बुटका बांधा, पांढरी टोपी, काळा कोट आणि सायकलच्या कॅरिअरला दोरीने बांधलेला डबा. हजारात उठून दिसावं असं त्यांच्यात काही नव्हतं.

मास्तर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू होते, कुलाबा जिल्ह्यातल्या कोर्ले गावचे. त्यांचे वडील पुण्यात रास्ता पेठेतल्या सिनेगॉगमध्ये हज्जान होते, म्हणजे प्रार्थना गाऊन सांगणारे. मुलाच्या कानावर जन्मल्यापासून हिब्रू प्रार्थनांचे सूर होते. पुढे त्याने एका खाँसाहेबांकडे अकरा वर्षं ख्यालाची तालीम घेतली. पहाटे जाऊन त्यांचा हुक्का भरायचा, मग तासभर एकच सूर लावायचा आणि तिथून सायकलने खडकीला कामावर पळायचं. रेडिओने त्याला दोनदा बोलावलं आणि दोन्ही वेळा परत पाठवलं. "ज्ञान आहे, आवाजात धार नाही," असं दुसऱ्या वेळी कोणीतरी स्पष्टच सांगितलं. त्यानंतर मास्तर मैफलीत गायच्या भानगडीत पडले नाहीत. मात्र दुसऱ्यांचे आवाज ऐकायची त्यांची सवय सुटली नाही. टोकनं गोळा करता करता रोज पाचशे माणसांचे आवाज ते ऐकत, आणि कोण कुठल्या पट्टीत बोलतो हे त्यांना हजेरीपटासारखं पाठ झालं होतं.

पहिल्या रविवारी कॅन्टीनमध्ये नऊ जण आले. त्यातले चार फुकट चहा मिळेल म्हणून आले होते. तो मिळाला, आणि दोघे पिऊन निघून गेले. उरलेल्या सातांना मास्तरांनी बाकांवर बसवलं आणि पेटीच्या भात्यावर हात ठेवला. तेवढ्यात त्यांनी हात काढून घेतला.

"पेटी नको. ऐका."

कॅन्टीनच्या भिंतीपलीकडे कॉम्प्रेसरची शेड होती. त्याची घुमघुम अष्टौप्रहर चालू असे आणि सवय झाल्यामुळे ती कुणाच्या कानावर येत नसे.

"हाच आपला तंबोरा," मास्तर म्हणाले. "कंपनी फुकट वाजवते आहे. याच्यात मिसळा. आऽऽ."

सात जणांनी आऽऽ केलं. कुणी गुरासारखं हंबरलं, कुणी खोकलं. मास्तर प्रत्येकाच्या समोर जाऊन उभे राहिले, प्रत्येकाचा आवाज हाताने खाली किंवा वर न्यावा तसा नेला, आणि अर्ध्या तासाने एका क्षणी सातही आवाज त्या घुमघुमीत बुडाले. वेगळं काही ऐकूच येईना. भिमाजी गाता गाता थांबला आणि इकडेतिकडे बघायला लागला.

"माझा आवाज कुटं गेला?"

"गेला नाही. जागेवर बसला," मास्तर म्हणाले. "याला म्हणायचं सा."

मास्तरांनी भूप निवडला. पाच सुरांचा राग. "पाच बोटं, पाच सूर," असं सांगून ते पंजा उघडत आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सा रे ग प ध मोजून दाखवत. ख्यालातल्या व्रजभाषेचे शब्द माणसांच्या तोंडात बसेनात, म्हणून मास्तरांनी स्वतःच दोन ओळी बांधल्या:

*दिस कलला, हात निवले,*
*उरला सूर अंगणी.*

माणसांना वाटलं, पाळी सुटल्यावरची ही गोष्ट आहे. मास्तरांच्या मनात शुक्रवारची संध्याकाळ होती. तेव्हा कामं हातावेगळी होतात आणि घरात शाब्बाथचा दिवा लागतो. दोन्ही अर्थ एकाच ओळीत नांदत होते, मग वेगळं सांगायचं काय?

शनिवारी, म्हणजे शाब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, मास्तर काम करत नसत. त्याबद्दल त्यांनी रुजू होतानाच लेखी परवानगी घेतली होती. सगळ्यांची सुट्टी रविवारी, मास्तरांची शनिवारी. रविवारी दोनपर्यंत ते टाइम ऑफिसात एकटे बसत आणि तीनला कॅन्टीनमध्ये येत. शाब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळताच लागतो, म्हणून त्याच्या आत ते घरी असत. सगळ्यांनी ते बघितलं होतं.

वर्षभरात सातांचे एकोणीस झाले. गाणाऱ्यांच्या तीन रांगा झाल्या. पहिली रांग बंदिश गाई, दुसरी सरगम, आणि तिसरीने खाली खर्ज धरायचा, गाणं त्याच्यावर उभं राहायचं. ही तिसरी रांग मात्र जमेना. पुरुष खाली उतरले की त्यांचे आवाज घशात अडकत आणि बेडूक ओरडल्यासारखं वाटे. मास्तर रोज खिडकीत बसून खालचा आवाज शोधत होते.

तो त्यांना सापडला बाटल्या धुण्याच्या खात्यात. हजेरीचा घोळ मिटवायला मास्तर तिकडे गेले होते. पाण्याच्या आवाजात, बाटल्यांच्या खणखणाटात एक बाई दुसरीला म्हणत होती, "ही पेटी उचल गं, पलीकडं ठेव." आवाज जमिनीखालून यावा तसा आला. जाड, सरळ, हलवता न हलणारा.

"बाई, नाव काय तुमचं?"

"मंजुळा." आणि नाव सांगून ती स्वतःच ओशाळली, कारण आजवर ते नाव ऐकून कुणी हसलं नाही असं झालं नव्हतं.

मास्तर हसले नाहीत. "गाता का तुम्ही?"

खात्यातल्या बायका फिसकन हसल्या. मंजुळाबाईने पदराने हात पुसले. "मी? मास्तर, मी जात्यावर तोंड उगडलं तर सासूबाई म्हनायच्या, गप ऱ्हा, म्हस बुजंल. लग्नात बाया गाया लागल्या की मी भाकरी भाजाया जायची."

"रविवारी तीन वाजता या. म्हैस नसते तिथे."

ती आली. शेजारच्या दोन बायकांना सोबत घेऊन, दारातच उभी राहिली. मास्तरांनी तिला तिसऱ्या रांगेत मधोमध बसवलं, दोन्ही बाजूंना पुरुष, मध्ये हातभर जागा सोडून. "काही करायचं नाही. फक्त सा. भीती वाटली तर आणखी खाली या."

तिने डोळे मिटले आणि तो स्वर लावला. कॅन्टीनमधली पितळी भांडी हलकीशी थरथरली असं नंतर भिमाजी सगळ्यांना सांगत असे. ते खरं असो नसो, तिसरी रांग त्या दिवशी उभी राहिली. दोन्ही बाजूंचे पुरुष तिच्या आवाजाला धरून खाली उतरले आणि घशातले बेडूक गप्प झाले. पहिल्या रांगेने वरून बंदिश म्हटली, तेव्हा आजवर लटपटणारं गाणं पहिल्यांदाच पाय रोवून चाललं.

मास्तरांनी हात खाली घेतले. मग म्हणाले, "आता सगळ्यांनी एक लक्षात ठेवा. चुकलात, घाबरलात, तर माझ्याकडे बघू नका. मंजुळाबाईंना ऐका."

मंजुळाबाई पंचेचाळिशीची होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणी माणसांना सांगत होतं की हिला ऐका. त्या संध्याकाळी रूळ ओलांडून पिंपरी गावातल्या घरी जाताना ती बाटल्यांच्या खात्यातल्या बायकांशी एक शब्द बोलली नाही. बायकांना वाटलं, रागावली. ती मनातल्या मनात खर्ज लावत होती.

दोन महिने असे गेले आणि एका रविवारी ती आली नाही. त्या पुढच्याही रविवारी नाही. सोमवारी खिडकीपाशी तिने मान खाली घालून टोकन टाकलं.

"भाऊजी नगं म्हनत्यात," ती एवढंच बोलली.

भाऊजी म्हणजे तिचे थोरले दीर दौलतराव. नवरा ज्योतीराम चार वर्षांपूर्वी वारला होता आणि मंजुळाबाई दिराच्या वाड्यालगतच्या खोलीत राहत होती. दौलतराव गावच्या भजनी मंडळाचे प्रमुख होते. त्यांचा पखवाज पाच गावांत नावाजलेला होता. आपल्या घरची विधवा बाई परक्या पुरुषांच्या मध्ये बसून गाते, तेही देवाचं नाव नसलेलं, हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

रविवारी तालीम आटोपल्यावर मास्तर चालत गावात गेले. भैरवनाथाच्या देवळासमोर पारावर दौलतराव चार माणसांबरोबर बसले होते. पिळदार मिशा, डोक्याला मुंडासं. बाजूला पखवाज आणि टाळ ठेवलेले होते. भजनाची वेळ होत आली होती.

"तुमी ते रहीम मास्तर?"

"रहामिम. पण रहीम म्हणालात तरी चालेल. दोन्हींचा अर्थ एकच, दया."

"मुसलमान का?"

"नाही. बेने इस्रायल. ज्यू म्हणतात आम्हाला. कोकणात शनवार तेली म्हणायचे."

दौलतराव जरा सावरून बसले. "तेली व्हय? घाना हाय?"

"आजोबांचा होता. शनिवारी बंद असायचा, म्हणून शनवार तेली."

"आन देव कंचा तुमचा?"

"एकच आहे. मूर्ती नाही."

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. दौलतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "मास्तर, तुमी शिकलेले. राग येऊ देऊ नका. पर तुमचं ते आ-आ आमाला काय समजत न्हाई. गानं म्हंजे देवाचं. भजन येतं का तुमाला?"

"भजन नाही. कीर्तन येतं."

पारावर हशा पिकला. मास्तर शांतपणे म्हणाले, "आमच्यातही कीर्तनं होतात. मराठीत. आमच्या धर्मग्रंथातली आख्यानं घेऊन. वडील करायचे, मी त्यांच्या मागे उभा राहायचो. चिपळ्या आहेत का?"

कुणीतरी चिपळ्या दिल्या. मास्तरांनी कोट काढून पारावर ठेवला, टोपी नीट केली आणि ते उभे राहिले. आवाजाला धार नव्हती, पण आवाज खरा होता. एका म्हाताऱ्या बापाला बारा मुलगे, त्यातला एक लाडका, बाकीच्यांना त्याचा हेवा. भावांनीच त्याला कोरड्या विहिरीत लोटलं आणि वाटेने जाणाऱ्या व्यापाऱ्यांना विकून टाकलं. बापाला दाखवायला त्याचा अंगरखा बकऱ्याच्या रक्तात भिजवून नेला. मास्तर ओवी गात, थांबत, साध्या मराठीत सांगत आणि पुन्हा गात. दहाव्या मिनिटाला दौलतरावांचा हात आपोआप पखवाजावर गेला. अर्ध्या तासाने घराघरांतून माणसं येऊन उभी राहिली होती. विकलेला भाऊ परमुलखात आधी गुलाम, मग कारभारी झाला, पुढे राज्याचा कारभार त्याच्या हाती आला. दुष्काळ पडला. आणि एक दिवस त्याच्या दारात धान्य मागायला त्याचेच भाऊ येऊन उभे राहिले. त्यांनी त्याला ओळखलं नाही. त्याने त्यांना ओळखलं.

इथे मास्तरांनी चिपळ्या खाली ठेवल्या आणि कोट उचलला.

"मंग फुडं?" दौलतराव म्हणाले.

"तुमच्या भजनाची वेळ झाली. पुढचं आख्यान मी तालमीत सांगणार आहे, पुढच्या रविवारी. मंजुळाबाई आल्या तर ऐकतील आणि घरी येऊन सांगतील."

दौलतरावांनी एकदा मास्तरांकडे, एकदा पारावरच्या माणसांकडे पाहिलं. माणसं हसू दाबत होती. दौलतरावांनी पखवाज पुढे ओढला.

पुढच्या रविवारी कॅन्टीनच्या दारात मंजुळाबाई उभी होती आणि तिच्या मागे, मुंडासं सारखं करत, दौलतराव. ते कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसले. तालमीच्या शेवटी मास्तरांनी आख्यान पुरं केलं. सगळे पांगले, तरी दौलतराव बसूनच होते.

"म्हंजे त्यानं माफ केलं भावांना?"

"केलं."

"समद्यांना?"

"सगळ्यांना. गळ्यात पडून रडला, असं आमच्या ग्रंथात आहे."

दौलतराव कॉम्प्रेसरच्या भिंतीकडे बघत राहिले. "आमचा ज्योतीराम," ते म्हणाले, "बांधावरनं भांडन झालं. तीन सालं बोल्लो न्हाई मी त्याच्याशी. मंग तो तापानं गेला. आता तो बांध बी ऱ्हायला न्हाई, जमीन कंपनीत गेली." मग त्यांनी विचारलं, "मंजुळी कंच्या रांगेत बसती?"

"तिसऱ्या. तिच्यावर बाकी दोन उभ्या आहेत."

"येईल ती," दौलतराव उठत म्हणाले. "मी काय म्हनत न्हाई आता."

अठ्ठावन्नच्या जानेवारीत कारखान्याचा वार्षिक समारंभ ठरला. कामगार कल्याणाचे अधिकारी यशवंतराव हे भले गृहस्थ होते. कॅन्टीनची खोली त्यांनीच मिळवून दिली होती, आणि गाणाऱ्यांसाठी पंधरा मिनिटांची जागाही त्यांनीच झगडून काढली. मुंबईहून मोठे पाहुणे येणार होते. वार शुक्रवार, पण वेळ दुपारी चारची. मास्तरांनी हिशेब केला. पावणेपाचला गाणं, पाचला मोकळे. सूर्य सव्वासहाला मावळतो. अडचण नव्हती.

गाणारे आता तेवीस झाले होते. पुरुषांनी धुतलेली धोतरं आणि विजारी घातल्या होत्या, बायकांनी ठेवणीतली लुगडी. क्वार्टरांसमोरच्या मैदानात मांडव होता, खांबांवर लाउडस्पीकरचे कर्णे बांधले होते. दीड-दोन हजार माणसं बसली होती. रुळांपलीकडून सगळं गाव आलं होतं आणि पहिल्या सतरंजीवर दौलतराव रात्रीच्या भजनाचा पखवाज शेजारी ठेवून, मांडी घालून बसले होते.

चार वाजले, साडेचार झाले. पाहुण्यांची गाडी खंडाळ्याच्या घाटात बंद पडल्याची बातमी पाच वाजता फोनवर आली. दुसरी गाडी पाठवली होती. साडेपाच झाले. मांडवामागे मास्तर उभे होते आणि दर पाच मिनिटांनी पश्चिमेकडे बघत होते. भिमाजी त्यांच्याकडे बघत होता.

पाहुणे सहाला आले. हार झाले, स्वागत झालं. यशवंतराव धावत मांडवामागे आले. "चला कोर्लेकर, आता तुमचंच. आधी भाषण होणार होतं, ते मी मागे ढकललं."

सूर्य कारखान्याच्या चिमणीच्या खाली उतरला होता. "यशवंतराव, मला घरी जायला पाहिजे."

"आत्ता? अहो, पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे. दोन वर्षं खपलात यासाठी. देव पंधरा मिनिटं थांबणार नाही का तुमचा?"

"तो थांबेल," मास्तर म्हणाले. "मीच कधी थांबवलं नाही त्याला."

पण ते निघाले नाहीत. समोर तेवीस माणसं रांगेत उभी होती. अकरा वर्षं हुक्का भरून शिकलेलं, रेडिओने परत पाठवलेलं सगळं या तेवीस गळ्यांत ठेवलेलं होतं. हे गाणं आपल्या हाताखाली, लोकांसमोर, एकदा तरी व्हावं, एवढीच आयुष्यातली एक हाव त्यांना होती. वडिलांनी तापाने फणफणत असतानाही शुक्रवारची संध्याकाळ कधी चुकवली नव्हती, हेही त्यांना आठवत होतं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

तिसऱ्या रांगेतून मंजुळाबाई पुढे आली.

"मास्तर, जावा तुमी. दिव्याची येळ झाली."

"हात कोण दाखवणार?"

"हात कशाला पायजे? तुमीच सांगितलंय की, घाबरलं तर मला ऐका म्हनून. आज समदी घाबरल्यात. मलाच ऐकतील."

"आणि सूर? पेटी कुणाला येते?"

तोंड मिटूनच तिने खर्ज घुमवला. मास्तरांनी कान दिला. तसूभरही इकडेतिकडे नव्हता. पहिल्या रांगेतल्या एकाने, मग दुसऱ्याने त्यात आवाज मिसळला, आणि मांडवामागे तो स्वर भरून राहिला.

मास्तरांनी तेवीस जणांना हात जोडले आणि वळले. सायकल तिथेच राहिली. मैदानाच्या कडेने ते जवळजवळ धावतच गेले. चार मिनिटांत ते क्वार्टरच्या पायरीवर होते.

साराबाई वाटच बघत होत्या. काचेच्या पेल्यात खोबरेल तेल घालून, वात सोडून ठेवली होती. नवरा आत आलेला बघून त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, दिवा लावला आणि डोळ्यांवर हात ठेवून आशीर्वाद म्हटला. मास्तर टेबलाशी बसले. टेबलावर मनुकांच्या सरबताचा पेला आणि फडक्याखाली झाकलेल्या चपात्या होत्या. खिडकी उघडी होती.

"गाणं झालं?" साराबाईंनी विचारलं.

"नाही. आता होईल."

कर्ण्यांमधून आधी खरखर आली. मग काहीच आलं नाही. मास्तरांनी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. मग अगदी खालून तो एकच स्वर आला. मंजुळाबाई घाई करत नव्हती. माणसं गप्प होईपर्यंत तिने तो नुसता धरून ठेवला. मग तिच्या दोन्ही बाजूंचे पुरुष उतरले, आणि त्याच्यावर पहिल्या रांगेने अलगद पाऊल टाकलं.

दिस कलला, हात निवले.

मास्तर हलले नाहीत. अस्ताई झाली, सरगम आली, पाच सुरांच्या पायऱ्यांवरून दोन रांगा वर गेल्या आणि खाली आल्या. तिसरी जागेवरून हलली नाही. अंतऱ्याला एक आवाज मात्रा आधीच उडी मारून पुढे गेला, गांगरला आणि परत येऊन रांगेत घुसला. मास्तरांना खदखदून हसू आलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले.

"काय झालं?" साराबाई घाबरून म्हणाल्या.

"भिमाजीनं घाई केली."

"मग? बिघडलं का?"

"नाही. सांभाळलं तिनं."

गाणं संपलं. कर्ण्यांतून शांतता ऐकू आली, आणि मग टाळ्यांचा असा आवाज आला की खिडकीच्या काचा वाजल्या. "वन्समोर!" कुणीतरी ओरडलं. आवाज ओळखीचा होता. पखवाज वाजवणाऱ्या माणसाचा गळा तसाच असतो, दणकट. पाहुणे काहीतरी बोलले. आणि पुन्हा खालून तोच स्वर आला. या खेपेला अंतऱ्याला कोणी घाई केली नाही.

मास्तर उठून उभे राहिले. सरबताचा पेला हातात घेऊन त्यांनी शाब्बाथची प्रार्थना म्हटली. साराबाई नंतर शेजारणीला सांगत होत्या की लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण असा आवाज यांचा आपण ऐकला नव्हता.

जेवण होईतो मैदानातली भाषणं संपली होती. रस्त्यावरून माणसांचे लोंढे गावाकडे निघाले. मास्तर खिडकीत उभे होते. थोड्या वेळाने ती तेवीस जणं आली. एरवी इतकं बोलणारी माणसं, पण आज क्वार्टरसमोर आल्यावर सगळी गप्प झाली. कुणी हाक मारली नाही, कुणी फाटक उघडलं नाही. मास्तरांच्या सणाची संध्याकाळ आहे, हे कुणीतरी सगळ्यांना बजावलेलं दिसत होतं. त्यांच्या मागून पखवाज खांद्याला लावून दौलतराव चालले होते.

भिमाजी खिडकीसमोर थांबला. त्याने दोन्ही हातांनी आपले कान धरले. मास्तरांनी मान हलवली आणि हसले. मग एकेकाने नुसती मान लववली आणि पुढे निघाला.

मंजुळाबाई सगळ्यांच्या पुढे होती. ती थांबली नाही. चालता चालताच तिने खिडकीकडे बघून हात जोडले आणि पदर सारखा करून झपझप रुळांकडे निघाली. सकाळी सहाच्या पाळीला तिला बाटल्यांवर हजर राहायचं होतं.